चाखून दिलेले दुधी

आमच्या जाऊबाईंकडून भाजीची पिशवी नेणाऱ्या कुणालाही विचारा, उन्हाळ्यातल्या दुधीला देठाजवळ एक खाच असते. अंगठ्याच्या नखाएवढी, सुरीने नीट काढलेली. नवीन माणूस पहिल्यांदा तक्रार घेऊन येतं की, उंदराने कुरतडलेलं दिलंत का. मग जुनं कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगतं की उंदीर नाही, पिशवीताई. त्या प्रत्येक दुधी चाखून देतात. निवृत्त मास्तर दर आठवड्याला सगळ्यांत आधी येतात आणि दर आठवड्याला काहीतरी बोलल्याशिवाय जात नाहीत. ते एकदा म्हणाले, "म्हणजे आम्ही तुमचं उष्टं खायचं?" जाऊबाईंनी त्यांच्या पिशवीतला दुधी काढून घेतला आणि त्या जागी दोन बीट ठेवले. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी खाच पडलेला दुधी मुकाट्याने नेला. बीट त्यांना डोळ्यांसमोर नको असतात, हे जाऊबाईंना पक्कं ठाऊक होतं.

पिशवीताई हे नाव लोकांनी ठेवलेलं. माझ्या त्या थोरल्या जाऊबाई. गावाबाहेरचे दोन मळे आणि आमच्या आसपासची घरं यांची गाठ त्यांनी घातली त्याला आता बरीच वर्षं झाली. हंगामाच्या सुरुवातीला घरं नाव नोंदवतात, आणि मग मळ्यात त्या आठवड्याला जे निघेल ते नेतात. आवडनिवड चालत नाही. कोबीचे दिवस आले की कोबी. सलग तिसऱ्या आठवड्यात कोबी बघून कुणाचं तोंड वाकडं झालं तर जाऊबाई म्हणतात, "मळ्याला सांगते हं, यांच्यासाठी जरा काहीतरी वेगळं उगव म्हणून."

पिशव्या मी शिवते. जुने पडदे, चादरी, सोफ्याची खोळ, मिळेल ते. प्रत्येक घराचं कापड ठरलेलं, त्यामुळे चिठ्ठी लावावी लागत नाही. मास्तरांची निळ्या पट्ट्यांची, दाताच्या डॉक्टरीणबाईंची पिवळ्या फुलांची. रिकामी आणायची, भरलेली न्यायची. भरायचीही रीत आहे. तळाला भोपळा, बटाटे, बीट. त्यावर दुधी आडवा. मग शेंगा, मग कागदात गुंडाळलेले टोमॅटो, आणि पालेभाजी सगळ्यांत वर, पानं पिशवीबाहेर डोकावतील अशी. मी फार वर्षांपूर्वी एकदा टोमॅटो खाली ठेवले होते, ते मला अजून ऐकून घ्यावं लागतं. मी काही गरीब गाय नाही, मीही उलटून बोलते. पण पिशवी त्यांच्या रीतीनेच भरते.

हे सगळं चालतं मोठ्या भाऊजींच्या दुकानात. भाऊजी म्हणजे जाऊबाईंचे यजमान, माझे थोरले दीर. आमच्या घराच्या तळमजल्यावर त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. फरशीवरचे तेलाचे काळे डाग कितीही घासले तरी गेले नाहीत. छताला सायकली टांगायचे आकडे होते, त्यांना आता भरलेल्या पिशव्या लटकतात. कोपऱ्यात भाऊजींचं बुटकं स्टूल आहे. त्यावर बसू नका असं कुणी कधी सांगितलेलं नाही, पण दुकानात पाय ठेवायला जागा नसली तरी तिथे कुणी बसत नाही.

भाऊजी दुधी खाऊन गेले. हे असं सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं, म्हणून मी एरवी सांगतच नाही.

पिशव्यांचं ते पहिलं वर्ष होतं. जाऊबाईंना भाजी मांडायला जागा हवी होती आणि भाऊजी अर्धं दुकान सोडायला तयार नव्हते. त्या दिवशी सकाळी दोघांचं चांगलंच वाजलं. आम्ही वरच्या मजल्यावर कानात बोटं घालून बसलो होतो. दुपारी मात्र भाऊजींनी स्वतःच सगळ्या सायकली एका भिंतीला सारल्या आणि एका शब्दाने काही बोलले नाहीत. संध्याकाळी पिशव्या वाटून एक दुधी उरला. जाऊबाईंनी तो शिजवला. दोघंच जेवायला बसल्यावर त्यांनी पहिला घास घेतला तो थेट मोरीत जाऊन थुंकला. कडूजहर होता. "ठेवा ते तसंच, मी दुसरं काही करते," त्या म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, "मला चालतंय." आणि त्यांनी ताट साफ केलं. पातेल्यातली उरलेली भाजीही वाढून घेतली.

कडू दुधी विषारी असतो हे तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कडू म्हणजे कडू, चवीला वाईट, एवढंच आमचं ज्ञान. त्यांना आधी उलट्या सुरू झाल्या, मग उलटीतून रक्त पडू लागलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं, आणि जाऊबाईंनी सांगितल्यावर कडू दुधी विष असतो हे आम्हाला त्यांच्याकडून पहिल्यांदा कळलं. धडधाकट माणूस, दोन दिवसांत संपला.

दुधी ज्यांच्या मळ्यातला होता त्या नदीकडच्या काकू दिवसकार्य झाल्यावर आल्या आणि दारातच मटकन खाली बसल्या. पुन्हा कधी दुधीचा वेल लावणार नाही, म्हणाल्या. जाऊबाईंनी त्यांना उठवून आत घेतलं. "वेलाने काही मुद्दाम केलं नाही. तुम्ही लावा. मी चाखीन," त्या म्हणाल्या. ती खाच तेव्हापासूनची. देठाकडची पातळ फोड काढायची, जिभेच्या टोकाला लावायची, जरा चावायची, पत्र्याच्या मगात थुंकायची. मग तो दुधी पिशवीत. चाखल्याशिवाय त्यांच्या हातून एकही दुधी कुणाच्या घरी गेला नाही. इतक्या वर्षांत कडू सापडले ते अगदी मोजके, आणि ते त्यांनी स्वतः मागच्या अंगणात खोल पुरले.

पण त्यांना आतून खाणारी गोष्ट वेगळी होती. मला त्यांनी ती एकदाच सांगितली, पिशव्यांचे बंद ओवताना. "माझ्यासाठी खाल्लं गं त्यांनी. सकाळचं भांडण मिटलं हे तोंडाने सांगणं त्यांना कधी जमलं नाही. म्हणून ताट साफ केलं. कडू लागत होतं, तरी माझ्याकडे बघत खाल्लं." या विचाराने त्यांची झोप उडायची हे मला दिसत होतं, आणि याच विचाराला धरून त्या उभ्या आहेत हेही दिसत होतं. आपल्यासाठी कुणीतरी विष खाल्लं, यापेक्षा मोठा आरोप नाही, आणि खरं सांगायचं तर एवढं प्रेमही कुणाच्या वाट्याला येत नाही.

आता जे सांगते ते कुणाला पटो न पटो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना मीच आजवर वेड्यात काढत आले. पण दुधीचे दिवस आले की आमच्या दुकानात फ्रीव्हीलचा आवाज येतो. पेडल न मारता सायकलचं चाक नुसतंच फिरत राहिलं की होते ना, ती टिकटिक. दुकानात सायकल नाही, चाक नाही, साधी साखळीसुद्धा नाही. जाऊबाई चाखायला बसल्या की स्टुलाच्या कोपऱ्यातून ती टिकटिक सुरू होते, हळूहळू मंदावते, थांबते. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातला भोपळा पायावर पाडून घेतला होता.

जाऊबाई त्या कोपऱ्याशी बोलायच्या. फोड थुंकून म्हणायच्या, "हा बघा, चांगला आहे." पुढचा दुधी घ्यायच्या. मध्येच सुरी खाली ठेवून आवाज चढवायच्या, "पण मी म्हणते, खायची गरज काय होती? मी काही बोलले होते का? जीभ नव्हती तुम्हाला, कडू आहे म्हणायला?" मग मान कलती करून ऐकत राहायच्या, आणि जरा वेळाने, "हो, तुम्ही नेहमीचेच," म्हणून पुन्हा कामाला लागायच्या. जिन्यात उभी राहून हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी एकटी पडली आहे, बोलू दे की." पण दुधीच्या दिवसांत दुकानातून काही आणायचं असलं की ते मलाच पाठवतात. त्यांचं धैर्य मला माहीत आहे.

यंदा हंगामाच्या तोंडावर जाऊबाईंना ताप आला. चांगला आठवडाभर पडून होत्या. उतरल्यावर उठून बसल्या, पण ताटातलं पुढे सरकवायच्या. "तोंडाला चव नाही गं," म्हणायच्या. यात लक्ष देण्यासारखं काय आहे? ताप येऊन गेलेला माणूस हेच म्हणतो. भूक नसली की आपण हेच म्हणतो, मन थाऱ्यावर नसलं तरी हेच. मीही जे सगळे म्हणतात तेच म्हटलं, "येईल हळूहळू. लिंबू चोखा थोडं." त्यांनी चोखलं. पुढे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

यंदाचे पहिले दुधी आले त्या दिवशी नदीकडच्या काकूंनी क्रेट उतरवतानाच हात जोडले. उन्हाने पालेभाजी होरपळली होती, शेंगा धरल्या नव्हत्या, दुसऱ्या मळ्यातूनही बटाटे आणि कांदेच तेवढे आले होते. म्हणजे या वेळी पिशवी भरायची तर दुधीनेच. "भरपूर लागलेत हो," काकू म्हणाल्या, "आणि सगळे कोवळे." जाऊबाईंनी पाट ओढला, सुरी घेतली, थुंकायचा पत्र्याचा मग जवळ ठेवला. काकू पैलतीराला जाणारी गाडी गाठायची म्हणून निघून गेल्या. शटर अर्धं खाली होतं. मी बटाटे निवडत होते.

टिकटिक सुरू झाली. त्या दिवशी ती थांबेना. एरवी मंदावून बंद पडते, तशी ती मंदावायची आणि कुणीतरी पुन्हा चाकाला हात मारावा तशी जोरात सुरू व्हायची. जाऊबाई एकेक दुधी चाखून बाजूला ठेवत होत्या. "हा चांगला. हाही चांगला." कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आज काय झालंय तुम्हाला? काम करू द्या की." मला ते सहन होईना. चहा करते म्हणून मी वर गेले.

आमच्याकडे साखरेचा आणि मिठाचा डबा सारखाच आहे. डबे बदला म्हणून मी वर्षानुवर्षं घरात सांगते आहे, आणि त्या दिवशी घोळ घातला तो मीच, कारण माझं ध्यान खाली होतं. दोन कप घेऊन खाली आले. एक त्यांच्या हातात दिला, दुसरा शिवणाच्या मशीनवर ठेवून मी आधी पहिला क्रेट कोपऱ्यातून पुढे ओढला. मग कप तोंडाला लावला आणि घोट तसाच दारात थुंकला. खारट नुसता.

"ताई, पिऊ नका तो," म्हणत मी वळले. त्यांचा कप पाटाजवळ रिकामा पडला होता.

"का गं? चांगला होता की."

"मीठ घातलंय मी त्यात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कपाकडे, मग चाखून बाजूला ठेवलेल्या दुधींकडे. एक पूर्ण क्रेट. प्रत्येकाला खाच होती.

"मला वाटलं पाणचट झालाय चहा," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटलं तापामुळे जरा कमी लागतंय. दुधीला तरी कुठे चव असते."

"इतके दिवस काहीच लागत नव्हतं तुम्हाला?"

"सांगितलं होतं ना तुला. तोंडाला चव नाही म्हणून."

मी सुरी त्यांच्या हातातून काढून घेतली. रागच आला होता, त्यांचा की माझा कळत नव्हतं. बाहेर लोक येऊ लागले असणार, आणि शटर वर असतं तर त्यातले निम्मे दुधी एव्हाना घरोघरी गेले असते. मी पाटावर बसले आणि जाऊबाईंनी चांगले ठरवलेले दुधी पुन्हा खाचेशेजारून कापून चाखायला सुरुवात केली. एक चाखायचा, मगात थुंकायचं, की पुढचा. कच्च्या दुधीची ती हिरवट, पाणीदार चव. जाऊबाई बाजूला हात बांधून उभ्या होत्या. क्रेट संपत आला आणि मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात एक फोड जिभेला लागली आणि घशापर्यंत सगळं आवळून आलं. मी थुंकले, पुन्हा थुंकले, पाण्याने चूळ भरली. डोळ्यांतून पाणी आलं तरी कडू जाईना. असा कडूपणा मी आयुष्यात चाखला नव्हता. असला घास माणूस चुकूनसुद्धा गिळू शकणार नाही.

हे मी मोठ्याने बोलले असणार, कारण जाऊबाई म्हणाल्या, "गिळला होता. ताटभर."

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी तो दुधी उचलला, चांगली बोटभर फोड कापली आणि तोंडात घातली. चावत राहिल्या. चेहऱ्यावर काहीच नाही. काकडी खावी तशा खात होत्या. मी धावले, एका हाताने त्यांची मान धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या तोंडात घालून ते सगळं बाहेर काढलं. थोरल्या जावेच्या तोंडात बोटं घालायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी अडवलं नाही. मग फरशीवर, तेलाच्या डागांत, आम्ही दोघी तशाच बसलो.

"काही लागलं नाही," त्या म्हणाल्या. "पाणी चावल्यासारखं."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"ते गेले त्या महिन्यात त्यांना खोकला झाला होता. ताप होता थोडा, अंगावरच काढला." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "रोज जेवताना म्हणायचे, तोंडाला चव नाही. रोज. मला वाटायचं दुकानाचा राग स्वयंपाकावर काढतायत. मी एकदा म्हटलंसुद्धा, सरळ सांगा ना माझ्या हाताला चव राहिली नाही म्हणून. त्यानंतर बोलायचेच बंद झाले. पुढे ठेवलं ते खायचे."

टिकटिक थांबली होती. केव्हा थांबली ते मला सांगता येणार नाही.

"त्यांना कळतच नव्हतं गं," जाऊबाई म्हणाल्या. "ते माझ्यासाठी खात नव्हते. भूक लागली होती, खाल्लं."

मला वाटलं, सुटली बाई. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं. म्हणून मी मूर्खासारखी म्हणून गेले, "म्हणजे तुमचा काही दोष नव्हता, ताई."

"दोष नव्हता," त्या म्हणाल्या. "पण मग मीही नव्हते त्यात. कुठेच नव्हते." आणि भाऊजी गेले तेव्हा सगळ्यांसमोर ताठ बसून राहिलेली ती बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, जमलं नाही.

त्या दिवशी उरलेले सगळे दुधी मी चाखले. संध्याकाळपर्यंत माझी जीभ जड झाली होती. पिशव्या वेळेवर गेल्या आणि कुणाला काही कळलं नाही. नाही म्हणायला मास्तर एका दुधीला दोन खाचा बघून म्हणाले, "आता दोघीदोघी खाताय का?" मी त्यांना बीट दाखवला.

हल्ली चाखायचं काम माझ्याकडे आहे. जाऊबाईंची चव हळूहळू परत येते आहे. गोड कळतं, खारट थोडं थोडं, पण सुरी त्या हातात घेत नाहीत. मी चाखते आणि त्या भरतात. दुकानात आवाज नाही. मला खरं तर हायसं वाटायला हवं, पण इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती, आणि मीच मधूनमधून काहीतरी पाडून आवाज करते.

काल त्या पिशवी भरता भरता थांबल्या. कोपऱ्याकडे वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग मला म्हणाल्या, "धाकटे, इतकी वर्षं मी त्यांच्याशी एकाच गोष्टीवरून भांडत आले. माझ्यासाठी का खाल्लंत म्हणून. आता कशावरून भांडू, सांग."

बाहेर लोक रिकाम्या पिशव्या घेऊन उभे होते, म्हणून मी उठून शटर वर केलं.